चिनी झांजा कानाला कर्कश का लागतात, आणि मला त्या का आवडायला लागल्या

नदीकाठचा

मंडळी, नोकरीच्या निमित्ताने पावणेतीन वर्षं चीनमध्ये वूशीला काढून दिवाळीत परत आलो. शांघायच्या पश्चिमेला, थाय सरोवराच्या काठचं गाव. (गाव म्हणायचं आपलं, आहे चांगलं महानगर.) येताना चहा आणि रेशीम आणावं अशी घरच्यांची अपेक्षा होती. मी आणली चिनी झांजांची एक जोडी. त्याबद्दल घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते घेतलं, आता इथे लिहून मन मोकळं करतो.

आमच्याकडे तीन पिढ्यांची वारी. चालता येण्याआधी टाळ हातात आला. त्यामुळे कांशाच्या दोन वाट्या एकमेकींवर आपटणे या विषयात मी स्वतःला जाणकार समजत होतो. तिथे पहिल्याच महिन्यात ऑफिसातले एक वयस्क सहकारी मला पेकिंग ऑपेराला (तिकडचं जुनं संगीत नाटक) घेऊन गेले. सुरुवात झाली आणि मला वाटलं, मागे कुणाच्या तरी हातून स्टीलच्या ताटांची चळत पडली. पण ती पडतच राहिली! मी आपला सम शोधतोय. पंधरा मिनिटं शोधली, सापडेना.

शेजारी आमचे सहकारी मात्र मांडीवर बोटं आपटत पुटपुटत होते: त्सांग-त्साय, त्सांग-त्साय, त्सांग-त्साय. मी बाहेर पडल्यावर विचारलं, तर म्हणाले, झांज काय म्हणतेय ते म्हणत होतो.

तिथून माझी गाडी रुळावर आली. गोष्ट अशी की या नाटकातल्या वादकांचे दोन गट असतात. तंतुवाद्यं, बासरी वगैरे म्हणजे 'वेनछांग', मुलकी बाजू. ढोल, गाँग (ठोकून वाजवायची कांशाची थाळी), झांजा म्हणजे 'वूछांग', लष्करी बाजू. लष्करात मुख्य माणसं मोजून चार: एक ढोलवाला (एका हातात लाकडी टाळ्या, दुसऱ्यात काडी, नाहीतर दोन्ही हातांत काड्या, समोर छोटासा कडक आवाजाचा ढोल), एक मोठा गाँगवाला, एक छोटा गाँगवाला आणि एक झांजवाला. ढोलवाला सेनापती. बाकी तिघांची नजर त्याच्या काड्यांवर.

आणि प्रत्येक आवाजाला अक्षर ठरलेलं आहे. सगळे मिळून मोठ्या गाँगसह वाजले की 'त्सांग'. मोठा गाँग गप्प आणि झांज पुढे आली की 'त्साय'. एकटा छोटा गाँग 'थाय'. ढोलावर एक काडी 'दा', दोन काड्या एकदम 'बा'. झांज दाबून, गुदमरवून वाजवली की 'फू'. या सगळ्या बोलांच्या पद्धतीला 'लुओगूजिंग' म्हणतात, शब्दशः 'गाँग-ढोलांची पोथी'. विद्यार्थी आधी तोंडाने पोथी पाठ करतात, मग हातात वाद्य घेतात. तबला शिकलेल्याला हे सांगायला नको.

फरक पुढे आहे. आपला टाळ भजनाची लय धरून ठेवतो, लोक त्यावर पावली टाकतात. इथे झांज लय धरायला बसलेलीच नाही. नट धावत आला, लढाई जुंपली, संकट आलं की 'जीजीफंग', म्हणजे तातडीचा वारा: त्सांग-त्साय-त्सांग-त्साय, वाढत्या वेगाने, पाहिजे तितका वेळ. नट थांबून छाती काढून प्रेक्षकांकडे रोखून बघतो, त्या क्षणाला 'स-जी-थोउ', मोठ्या गाँगचे चार ठोके, शेवटच्या ठोक्यावर नटाची मान वळलेली असते. संथपणे येऊन गायला उभं राहायचं तर त्याचा वेगळा बोल. आसवं पुसायची तर वेगळा. ठेका शोधत बसलं की गोंगाटच ऐकू येतो. मी तेच करत होतो.

खवचट काका

म्हणजे थोडक्यात, कर्कशच आहे पण शास्त्रोक्त कर्कश. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

झांजवाली

काका 😄

नदीकाठचा, भारी लिहिलंय. मी पुण्यात पथकात सहा वर्षं झांज वाजवते. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी बोटं बघण्यालायक असतात. तांत्रिक प्रश्न: यांना दोरी असते की कापड? आणि धरतात कसं? व्हिडिओत बघितलं तर एक बाई झांज पोटाशी आणून बंद करत होती, ते काय?

नदीकाठचा

झांजवाली ताई, मधल्या फुगीर टोपीला भोक, त्यातून कापडाची लांब पट्टी ओवून आत गाठ मारलेली. पट्टी बोटांना गुंडाळून घ्यायची. माझ्या जोडीला लाल कापड आहे, तिथे बहुतेक वेळा लालच.

तळव्याने पातं झाकायचं नाही, नाहीतर आवाज मरतो. आणि दोन्ही झांजा समोरासमोर सपाट आपटायच्या नाहीत. मध्ये हवा अडकते आणि नुसतं 'फस्' होतं. कड किंचित आधी लागली पाहिजे, मग बाकीचं पातं. हे तुम्हाला पथकात कुणीतरी शिकवलंच असेल.

पोटाशी किंवा छातीशी आणणं म्हणजे आवाज कापणं. तिथल्या झांजवाल्याचं निम्मं कौशल्य आवाज बंद करण्यात असतं. 'त्साय' कुठे तोडायचा, कुठे मोकळा सोडायचा हे चुकलं तर नटाचं वाक्य झाकलं जातं. म्हणून ऑपेरातली झांज आकारानेही लहान असते, साधारण वीतभर, टोपी मात्र मोठी. आवाज चटकन येतो, चटकन जातो.

पोथीनिष्ठ

छान धागा. इतिहासाची भर घालतो, कारण यात आपल्याला रस वाटावा असा एक धागा (शब्दशः) आहे.

चीनमध्ये झांज मूळची नाही आणि चिनी ग्रंथकारांनी ते कधी लपवलेलं नाही. थांग राजवंशाच्या इतिहासात संगीतावरचा भाग आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की कांशाची झांज पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या परक्या लोकांकडून आली. वर्णन तर इतकं चित्रमय आहे की पाठ करून ठेवलंय: वाटोळी, काही इंचांची, मध्ये पाण्यावरच्या बुडबुड्यासारखी फुगलेली, चामड्याच्या वादीने ओवलेली, एकमेकींवर आपटून संगीताची साथ करणारी. दक्षिणेकडच्या देशांतल्या मोठ्या झांजा काही फुटांच्या असतात, असंही. पुढे एक मजेदार वाक्य आहे. काही जण म्हणतात की हे वाद्य आमच्याकडच्याच अमुक माणसाने बनवलं, 'पण ते खरं नाही'. आपल्याकडच्या किती ग्रंथांत असं सरळ वाक्य सापडेल?

आता त्याहून आधीचं. सुई राजवंशाच्या दरबारात (५८१ ते ६१८) देशोदेशींच्या संगीताचे विभाग केलेले होते. आधी सात, मग नऊ. त्यात मध्य आशियातल्या कुचाचा विभाग होता, तसा 'थ्येनचू'चाही होता. थ्येनचू म्हणजे भारत. हे संगीत चौथ्या शतकाच्या मध्यात ल्यांगचौला (आजचं कान्सू प्रांतातलं वूवेई) पोचलं, भाषांतराच्या चार टप्प्यांतून आलेल्या पुरुष कलावंतांबरोबर, अशी नोंद आहे. या भारतीय विभागात वाद्यं नऊ, वादक बारा. नऊ वाद्यांत वीणेच्या जातीची वाद्यं, बासरी, तीन तऱ्हेचे ढोल, शंख आणि कांशाची झांज.

तेव्हा नदीकाठचा, तुमच्या सामानातली जोडी एका अर्थी माहेरी आली म्हणा.

तिरकस_तीर

माहेरी वगैरे ठीक आहे, पण चीनमध्ये 'नाओ' नावाची झांज शांग राजवंशापासून आहे ना? म्हणजे ख्रिस्तपूर्व हजार वर्षं आणि आधी. संग्रहालयांच्या साईटवर फोटो आहेत. उगाच सगळं भारतातून गेलं हे म्हणायची आपल्याला खोड आहे.

पोथीनिष्ठ

खोड आहे हे मान्य. पण इथे नावाचा घोटाळा आहे. शांग काळातला 'नाओ' ही घंटा आहे: कांशाची, तोंड वर करून दांड्यावर उभी धरायची किंवा रोवायची आणि बाहेरून ठोकायची. झांजेशी संबंध नाही. पुढे पुष्कळ शतकांनी तेच अक्षर एका प्रकारच्या झांजेला चिकटलं. फोटो नीट बघा, जोडी दिसते का आपटायची?

आणि सगळं भारतातून गेलं असं मी म्हटलेलं नाही. पश्चिम आणि दक्षिण असं चिनीच म्हणतात. मध्य आशियाचा वाटा मोठा आहे.

तिरकस_तीर

बघितले. घंटाच आहे. शब्द मागे घेतो.

नदीकाठचा

पोथीनिष्ठ, हे माहीत नव्हतं, आभार. नावांचा विषय निघालाच आहे तर: झांजांचं जोडनाव 'नाओबो'. ढोबळमानाने 'बो'ला टोपी मोठी, 'नाओ'ला टोपी लहान, पातं पातळ आणि आवाज लांबत जाणारा. पण बाजारात आणि खेड्यात लोक सरसकट 'छा' म्हणतात. मी दुकानात मोठ्या रुबाबात 'नाओबो' म्हटलं तर दुकानदार मुलाने मागे वळून आईला विचारलं, आणि आई म्हणाली, छा पाहिजे त्याला, छा.

तांबटआळी

उशिरा आलोय. आमच्या घरी आजोबांपर्यंत भांडी ठोकायचं काम होतं, माझ्या हातात आता फक्त कीबोर्ड. धातूबद्दल विचारतो: हे पितळ आहे की कांसं? आणि ओतीव की ठोकीव?

नदीकाठचा

कांसं. चांगल्या प्रतीचं असेल तर शंभरात वीस ते बावीस भाग कथील, बाकी तांबं. तिकडे याला 'श्यांगथोंग' म्हणतात, म्हणजे वाजणारं तांबं. आणि ठोकीव. चकती ओततात, मग लाल तापवून घणाने पसरवत नेतात.

तांबटआळी

मग तर आपल्या कांशाच्या थाळीचंच प्रमाण झालं. आता मला राहवत नाही.

इतकं कथील घातलेलं कांसं थंड असताना काचेसारखं असतं. हातोडी मारली की तडा. म्हणून प्रत्येक फेरीला भट्टीत घालायचं, लाल असेतो ठोकायचं, रंग उतरला की पुन्हा भट्टी. आणि शेवटी लाल असतानाच पाण्यात बुडवायचं. लोखंडवाल्यांना हे उलटं वाटतं, कारण पोलाद पाण्यात बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं. कांशाचं नेमकं उलट: हळूहळू गार होऊ दिलं तर आत ठिसूळ भाग तयार होतो, झटकन बुडवलं तर तो तयार व्हायला वेळच मिळत नाही आणि धातू थोडा मऊ राहतो. मग त्याला थंडपणी हलके ठोके देऊन सूर काढता येतो. आजोबा 'पाणी पाजायचं' म्हणायचे. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मला पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

नदीकाठचा

तांबटआळी, त्या शेवटच्या थंड ठोक्यांवर चिनी भाषेत म्हणच आहे: 'एका हातोडीत सूर पक्का'. मुळात गाँग करणाऱ्यांचं बोलणं, आता ऑफिसात साहेबाने वाद मिटवला तरी वापरतात. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा कानावर पडायचं.

माझ्या झांजेच्या टोपीवर भट्टीतला काळा थर तसाच आहे, पातं मात्र खरवडून उजळ केलेलं. खरवडीच्या बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात. वुहान शहर या कामासाठी पूर्वीपासून नावाजलेलं. शान्शी प्रांतातल्या चांगझ्झ भागातही पिढीजात कारागीर आहेत.

बेसुरा_ड्रमर

वुहान!! शेवटी माझा विषय आला. ड्रमकिट वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, 'चायना' म्हटलं की देश आठवत नाही, उलटी टांगलेली झांज आठवते. वुहान छाप जोडी म्हणजे गरीब ड्रमरचा आधार.

गंमत अशी की ही उसनवारी फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॅझवाल्यांनी ड्रमचा संच जमवायला घेतला तेव्हा त्यात चिनी वस्तीतल्या दुकानांतून आणलेला माल होता: ड्रॅगन रंगवलेले, खिळ्यांनी कातडं ठोकलेले छोटे ढोल, लाकडी ठोकळे आणि चिनी झांजा. तुर्की पद्धतीच्या झांजा नंतर वरचढ झाल्या (झांजा बनवणाऱ्या झिल्जियन घराण्याचं इस्तंबूलमधलं काम १६२३ पासूनचं), पण चायना काही संचातून गेली नाही.

आवाज वेगळा का? तुर्की झांज टोपीपासून कडेपर्यंत एका हलक्या उतारात जाते. चायनाची टोपी उभ्या भिंतीची, आणि कड उलटी वर वळलेली. त्यामुळे आवाज तुटक, खरखरीत, फाटका. ठोकला की भस्सकन येतो आणि गेला. उलटी का टांगतात, तर वळलेली कड खाली जाऊन काडीला नीट बाक मिळतो. नाहीतर कड काडी खाते. आणि झांज पण खाते, माझी पहिली तिथेच तडकली. कुठल्या छापाची ते सांगत नाही, चूक माझीच होती.

धिरधिर

तबल्याची विद्यार्थिनी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. 'सम सापडेना' वाचून थांबले. म्हणजे आवर्तन नावाचा प्रकारच नाही का? की ऑपेरात नाही पण दुसरीकडे आहे?

नदीकाठचा

धिरधिर, हाच प्रश्न मी दीड वर्ष डोक्यात घेऊन फिरत होतो आणि उत्तर मी राहत होतो त्याच गावात होतं.

वूशी आणि आसपासच्या भागात 'शिफान लुओगू' नावाचा जुना प्रकार आहे. ढोल, गाँग, झांजा, कधी सोबत बासरी आणि तंतुवाद्यं. ताओ पंथाच्या मंदिरांतले पुरोहित-वादक हे पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आले. दोन तारांच्या आरहूवर वाजवणारा अंध वादक आबिंग (१८९३-१९५०) याच वूशीतल्या मंदिरात वाढला. तो आज आरहूसाठी प्रसिद्ध आहे, पण तो मुळात या मंदिरांच्या वादनपरंपरेतला माणूस. त्याचं वादन मरणाआधी काही महिने, १९५० मध्ये, ध्वनिमुद्रित करणारे संशोधक यांग यिनल्यू (१८९९-१९८४) हेही वूशीचेच. शिफान लुओगूची रचना कागदावर मांडण्याचं मोठं काम त्यांचं.

आता रचना. इथे आवर्तन नाही, आकडे आहेत. बोलांचे गट १, ३, ५, ७ अक्षरांचे. १ पासून वाढत ७ पर्यंत गेले आणि परत १ वर उतरले की त्या आकाराला नाव 'सोन्याचं ऑलिव्ह': दोन्ही टोकं निमुळती, पोट फुगलेलं. मोठ्यापासून लहानाकडे उतरत गेले की 'गोगलगायीचा शेंडा', शंख टोकाला निमुळता होतो तसा. आणि सगळ्यात गोड म्हणजे 'मासा-मिळून-आठ'. एका वाद्याने १ वाजवलं तर दुसऱ्याने ७. मग ३ आणि ५. मग ५ आणि ३. मग ७ आणि १. प्रत्येक वेळी बेरीज ८. या सगळ्यात झांजेचं अक्षर 'छी', म्हणजे तिला दिलेले गट कानाने मोजता येतात.

धिरधिर

थांबा थांबा. हे तर यती आहेत, म्हणजे लयीचे ठरलेले आकार! मोठ्याकडून लहानाकडे म्हणजे गोपुच्छा. आणि मध्ये फुगलेली, टोकांना निमुळती ती मृदंगा यती. आपल्याकडे गाईचं शेपूट आणि मृदंग, त्यांच्याकडे गोगलगाय आणि ऑलिव्ह. आमच्या गुरुजींनी यती शिकवताना फळ्यावर अक्षरशः मृदंगाचं चित्र काढलं होतं.

पोथीनिष्ठ

धिरधिर, निरीक्षण उत्तम. यावरून कुणी कुणाकडून घेतलं हे मात्र काढायला जाऊ नये, मोजणाऱ्या माणसाला हे आकार कुठेही सुचतील. (तिरकस_तीर, बघा, सुधारलो.)

टांगरा_ते_ठाणे

मी आठ वर्षं कोलकात्यात होतो. चिनी नववर्षाला टांगऱ्यात आणि टेरिटी बाजारात, म्हणजे तिथल्या चिनी वस्त्यांत, सिंहनाच निघतो. एक मोठा ढोल, एक गाँग, आणि झांजांच्या दोन-चार जोड्या. तिथे झांजवाले ढोलवाल्याच्या काड्यांकडे नाही, सिंहाकडे बघत असतात असं मला वाटायचं. एकदा एका पोराला विचारलं, तो बंगालीत म्हणाला, ढोलवाला सिंहाकडे बघतो, आम्ही ढोलवाल्याकडे. सिंह पापण्या मिटतो तेव्हा झांजा कडेने नुसत्या घासतात, उडी मारतो तेव्हा फुटतात. गल्ली अरुंद, दोन्हीकडे विटांच्या भिंती. दुसऱ्या दिवसापर्यंत कान वाजायचे.

नदीकाठचा

गल्लीत ऐकलंत हे भाग्य. ही वाद्यं मुळात उघड्यावरची. जुन्या काळी खेड्यात नाटक सुरू व्हायच्या आधी नुसताच गाँग-झांजांचा गजर करायचे, आजूबाजूच्या वाड्यांवरच्या लोकांना कळावं म्हणून. आपल्या दशावतारात, तमाशात काय वेगळं होतं? बंद, वातानुकूलित नाट्यगृहात तेच ऐकलं की डोकं उठतं.

शान्शीतल्या लिनफनचा एक प्रकार आहे, 'वेईफंग लुओगू', रुबाबाचे गाँग-ढोल म्हणा. त्यात शेकडो माणसं एकदम वाजवतात. १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांच्या उद्घाटनात ते होते. आणि थ्येनचिनजवळच्या हानगू भागातले कोळी झांजांच्या कापडाला धरून त्या हवेत भिरकावतात, झेलतात आणि वाजवतातही. 'फेईछा', उडत्या झांजा. झांजवाली ताई, पथकात सुचवू नका.

झांजवाली

उशीर झाला, ग्रुपवर टाकलंय.

पण तुमच्या जोडीचं काय झालं? घरच्यांनी ऐकली का?

नदीकाठचा

ऐकली. आबा (माझे चुलत आजोबा, वय ८१, अजून दिंडीत टाळ असतो) म्हणाले, आण इकडे. हातात तोलून बघितली. टाळाच्या मानाने हलकी म्हणाले. मग टाळ मारतात तशीच मारली, सपाट. फस्! पुन्हा मारली. फस्. सगळे हसले. मी दाखवणार होतो, पण त्यांनी हात वर करून थांबवलं. पाच मिनिटं बाजूला बसून कडेने, तिरकी, वरून खाली, असं काय काय करून बघितलं. आणि एकदम खणखणीत आवाज आला.

मग म्हणाले, "ही बरी हाय, पण हिच्यावर अभंग चालायचा न्हाई. ही मधीच बोलती."

दीड वर्षात मला जे कळलं ते त्यांना पाच मिनिटांत.

खवचट काका

आबांना दंडवत. आता मला सांगा, एकच काय ऐकू? लांबलचक यादी नको.

नदीकाठचा

काका, पेकिंग ऑपेरातला कुठलाही मारामारीचा प्रसंग लावा. डोळे मिटून दोन मिनिटं फक्त 'त्सांग' आणि 'त्साय' वेगळे करा. जाड आवाज, पातळ आवाज. आणखी एक खूण: मोठ्या गाँगचा सूर वाजल्यावर खाली घसरतो, छोट्याचा वर चढतो. या दोघांच्या मधून सरळ कापत जाते ती झांज.

खवचट काका

ऐकलं. पहिल्या मिनिटाला कुत्रा पलंगाखाली गेला. दुसऱ्या मिनिटाला हिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. चौथ्या मिनिटाला सूर खाली घसरतो ते कळलं, वर चढतो ते अजून नाही. उद्या हेडफोन लावून परत बघतो.

झांजवाली

काका, आवाज कमी ठेवा. आणि पथकातले तिघं फेईछाला तयार आहेत, मैदान शोधतोय.